खरं कुणासाठी सांगायचं? दोन कादंबऱ्यांतले दोन बाप

आवाज नीट पोचतोय ना सगळ्यांना? बरं. मागच्या खेपेला आपण 'वचन' या विषयावर बोललो होतो आणि शेवटी एका श्रोत्या बाईंनी विचारलं होतं की वचन पाळणं आणि खरं बोलणं यांची टक्कर झाली तर काय करायचं. तेव्हा वेळ संपत आला होता, म्हणून मी तो प्रश्न आजच्यावर ढकलला. आज त्याच धाग्याने पुढे जाऊ, पण सिद्धान्ताच्या वाटेने नको. दोन कादंबऱ्या घेऊ. दोन्हींत एक बाप आहे, जो रक्ताचा बाप नाही, आणि दोन्हींत एक गुपित आहे.

हा विषय मला का सुचला ते आधी सांगतो. साधारण चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक मित्र, दुसऱ्या विषयाचा प्राध्यापक. त्याने आणि त्याच्या बायकोने एक मुलगी दत्तक घेतली होती, अगदी तान्ही असताना. (त्याला विचारूनच हे सांगतोय.) मुलगी सहा वर्षांची झाली, तेव्हा एका संध्याकाळी तो घरी आला. चहा झाला. मग म्हणाला, "तू नीतिशास्त्र शिकवतोस ना? मग सांग, हिला सांगायचं की नाही?" मी त्या वर्षी एम.ए.च्या वर्गाला कांट शिकवत होतो, पीएच.डी. नुकतीच पदरात पडली होती, अंगात जोर होता. म्हटलं, सांगायचं. यात विचारण्यासारखं काय आहे? खोटं ते खोटं. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "सांगायचं हे ठीक आहे रे. पण कुणासाठी? तिच्यासाठी, की माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून?"

मला उत्तर सुचलं नाही. मी कांटचा आणखी एक मुद्दा पुढे केला. तो हसला आणि चपला घालून निघाला.

'हेतू' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. न्यायशास्त्रात हेतू म्हणजे धूर. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं अनुमान निघतं, आणि एक खरा हेतू मिळाला की काम भागतं. रोजच्या बोलण्यात हेतू म्हणजे माणसाच्या मनातलं कारण. घोटाळा असा होतो की या दुसऱ्या हेतूलाही आपण पहिल्यासारखंच वागवतो. एक कृती, तिच्यामागे एक हेतू. त्याने हे का केलं? प्रेमापोटी. तिने का केलं? भीतीपोटी. झालं, निकाल लागला. बापपणाच्या आणि दत्तकाच्या बाबतीत ही घाई फार महागात पडते, आणि चांगले कादंबरीकार ती करत नाहीत. म्हणून आज त्यांच्याकडे जायचं.

आधी 'दत्तक' या शब्दाकडे बघा. दत्त म्हणजे दिलेला. म्हणजे शब्दातच एक देणारा आहे, एक घेणारा आहे, आणि मधे तो, दिला गेलेला. जुन्या धर्मशास्त्राने दत्तक कशासाठी घ्यायचा ते अगदी उघड सांगितलं आहे: मेल्यावर पिंड देणारा हवा आणि वंश पुढे चालवणारा हवा. मुलाला आईबाप हवेत हा विचार तिथे मध्यभागी नाही. मनुस्मृतीत बारा प्रकारचे पुत्र मोजले आहेत. आईबापांनी टाकलेलं आणि दुसऱ्याने उचललेलं मूलही त्यांत आहे, 'अपविद्ध' हे त्याचं नाव. पुढे कलियुगात औरस आणि दत्तक हे दोनच चालतील असं शास्त्रकारांनी ठरवलं. आता दत्तकाला देणारा लागतो. ज्याचे आईबापच नाहीत त्याला देणार कोण? म्हणून कुठे रूढीने चालत असेल ते सोडलं, तर अनाथ मूल शास्त्राप्रमाणे दत्तक घेताच येत नसे. ज्याला घराची सगळ्यांत जास्त गरज, नेमका तोच बाहेर.

पिंड हा शब्द लक्षात ठेवा, तो आज पुन्हा येणार आहे. आणि पिंडाची गोष्ट निघाली की मला कर्ण आठवतो. मराठी वाचकाचा कर्ण बहुतेक 'मृत्युंजय'मधून नाहीतर 'राधेय'मधून आलेला असतो: जन्माचं रहस्य उरात घेऊन जळणारा. मी त्या कादंबऱ्यांना नावं ठेवत नाही, मीही रात्र जागून त्या वाचल्या आहेत. पण उद्योगपर्वातला एक प्रसंग मूळात वाचा. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि सांगतो, तू कुंतीचा मुलगा आहेस, चल, राज्य तुझं. कर्ण म्हणतो, हे मला ठाऊक आहे. आणि मग तो जी कारणं देतो ती ऐकण्यासारखी आहेत. कुंतीने मला टाकलं, अधिरथाने उचलून घरी आणलं. मला पाहताच राधेला पान्हा फुटला. तिने माझं हगणं-मुतणं काढलं. तिचा पिंड माझ्यासारख्याने कसा बुडवायचा? अधिरथ मला मुलगा समजतो, मी त्याला बाप समजतो, माझा जातकर्मविधी त्याने केला, लग्नं त्याने लावून दिली. इतकं सगळं सांगून झाल्यावर तो हेही सांगतो की दुर्योधनाचं मीठ खाल्लं आहे, आणि अर्जुनाशी लढलो नाही तर दोघांचीही अपकीर्ती होईल.

म्हणजे कृतज्ञता आहे, माया आहे, मैत्री आहे आणि लोक काय म्हणतील हेही आहे. यातला खरा हेतू कोणता? सगळेच. कर्णाची गोष्ट मी इथेच सोडतो, कारण त्याच्यापाशी निदान माहिती होती. काय धरायचं आणि काय सोडायचं हे तो स्वतः ठरवू शकला. आजच्या आपल्या दोन कादंबऱ्यांतल्या मुलांना ती सोय नाही.

पहिली रवीन्द्रनाथांची 'गोरा'. 'प्रवासी' मासिकात १९०७ पासून क्रमशः आली, १९१० साली पुस्तक झालं. कथा बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. १८५७ च्या धामधुमीत इटाव्याला कृष्णदयाल आणि आनंदमयी या बंगाली जोडप्याच्या घरी एक गरोदर आयरिश बाई जीव वाचवायला येते. तिचा नवरा आदल्याच दिवशी लढाईत मारला गेलाय. त्याच रात्री ती बाळंत होते आणि मरते. ते मूल म्हणजे गोरा. आनंदमयीला स्वतःचं मूल नाही. कृष्णदयालाला पहिल्या बायकोपासून एक मुलगा आहे, महिम. गोरा त्यांचा मुलगा म्हणून वाढतो आणि मोठा होऊन कडकडीत सनातनी हिंदू होतो. शेंडी, गंध, गंगास्नान, सोवळंओवळं. आईच्या खोलीत लछमिया नावाची ख्रिस्ती दाई वावरते म्हणून तो आईच्या खोलीत जेवत नाही. याच लछमियाने त्याला लहानपणी देवीच्या आजारातून वाचवलेलं असतं.

वाचकाला गुपित लवकरच कळतं. कळत नाही ते एकट्या गोराला. गंमत बघा, पुस्तकाच्या नावातच ते लिहिलेलं आहे, आणि मराठीत तर 'गोरा' म्हणजे साहेबाच्या फौजेतला सोल्जरही.

जाता जाता एक गोष्ट. साताऱ्याचं राज्य १८४८ ला आणि झाशीचं १८५४ ला खालसा झालं, ते दत्तक नामंजूर करून. सत्तावन्नच्या उठावामागच्या कारणांत हे एक ठळक कारण. आणि त्याच उठावाच्या धुरातून एका हिंदू घरात असं मूल येतं जे शास्त्राने दत्तक घेता येणारच नाही. टागोरांनी हे मनात धरून लिहिलं असं मी म्हणत नाही. माझं आपलं लक्ष गेलं.

आता कृष्णदयाल. याला बहुतेक वाचक आणि टीकाकारही दोन वाक्यांत निकालात काढतात: ढोंगी, भित्रा. मला तो या कादंबरीतला फार नीट घडवलेला माणूस वाटतो. त्याच्या हेतूंचे थर बघा. मूल पहिल्यांदा हातात आलं तेव्हा त्याचा विचार होता पाद्र्याच्या हवाली करण्याचा. आनंदमयी अडून बसली. पाद्री काय त्याचे आईबाप आहेत? पाद्र्याने त्याचा जीव वाचवला का? तेव्हा तो गप्प बसला. म्हणजे हा माणूस बाप झाला तो 'हो' म्हणून नव्हे, 'नाही' म्हणणं सोडून दिलं म्हणून. हसू नका, असे बाप पुष्कळ असतात, सख्ख्यांतसुद्धा.

त्यानंतर गुपित. मूल सापडल्याची बातमी तेव्हा सरकारला दिली नव्हती. आता सांगितलं तर पेन्शन जाईल, पोलीस मागे लागतील, ही धास्ती. हा झाला दुसरा थर, आणि तो अगदी कारकुनी आहे. मला टागोरांचं कौतुक वाटतं ते इथे. एका माणसाच्या सगळ्या अस्तित्वाचा प्रश्न, आणि तो अडलाय पेन्शनीवर! पण संसारात मोठ्या गोष्टी अशाच किरकोळ गोष्टींवर अडतात.

तिसरा थर नंतरचा. तरुणपणी पलटणीतल्या गोऱ्यांबरोबर मद्यमांस घेण्यात पुरुषार्थ मानणारा हा गृहस्थ उतारवयात एकदम धार्मिक होतो. दिसेल त्या संन्याशाच्या मागे लागतो. घराचा एक भाग साधनेसाठी वेगळा काढतो आणि तिथे गोराला पाऊल टाकू देत नाही. म्हणजे ज्याला आपण वाढवलं तोच आता विटाळ. गोराला वाटतं, वडील कडक आहेत. त्याला ते आवडतंही.

आणि मग पेच पडतो. हा मुलगा नास्तिक निघाला असता, ब्राह्मो झाला असता, तर कृष्णदयाल निर्धास्त झाला असता. तो निघाला सनातनी! बाप त्याला परोपरीने सांगून बघतो की हिंदू असणं इतकं सोपं नाही, नुसत्या इच्छेने कुणी हिंदू होत नाही. वाक्य अक्षरशः खरं आहे, पण ते कळण्याची किल्ली एकट्या बापाच्या खिशात आहे. तो गोराला आपल्या जुन्या ब्राह्मो मित्राच्या, परेशबाबूंच्या घरी जायला लावतो. का? एक कारण उघड आहे, हे संकट आपल्या अंगणातून बाहेर जावं. पण परेशबाबूंचं घर हे त्या कादंबरीतलं असं घर आहे जिथे या मुलाला जन्म न विचारता जागा मिळू शकेल. कृष्णदयालाला हे कळत होतं का? थोडंसं कळत असावं असं मला वाटतं. टागोरांनी तसं म्हटलेलं नाही, हे माझं वाचन. इथे मला या माणसाबद्दल जराशी माया वाटते.

शेवटाकडे गोरा प्रायश्चित्ताचा मोठा सोहळा करायला निघतो. बाप येऊन सांगतो, तुला हे करता येणार नाही. गोरा ऐकत नाही. आणि त्याच वेळी निरोप येतो, कृष्णदयालाच्या तोंडातून रक्त पडलं, ताबडतोब या. आपण आता मरणार या समजुतीने कृष्णदयाल तोंड उघडतो. कशासाठी? या मुलाने आपल्या श्राद्धाला हात लावू नये म्हणून. इतकी वर्षं दाबलेलं सत्य बाहेर आलं ते सत्यप्रेमाने नाही, परलोकाच्या भीतीने. पिंड पुन्हा आला बघा. कर्ण म्हणतो, मी तिचा पिंड बुडवणार नाही. हा म्हणतो, तुझ्या हातचा पिंड मला नको. आणि नंतर डॉक्टर येऊन तपासतो, तर तसं भिण्यासारखं काही नसतं!

आता कांटचा दुकानदार आठवा. मागच्या वर्षी आपण 'नीतीच्या मीमांसेची पायाभरणी' हा १७८५ चा ग्रंथ वाचला होता. दुकानदार लहान मुलालाही वाजवी भावानेच माल देतो, पण गिऱ्हाईक टिकावं म्हणून. कृती कर्तव्याला धरून आहे, कर्तव्यापोटी नाही, म्हणून कांट तिला नैतिक मोल देत नाही. कृष्णदयाल हा त्या दुकानदाराचा भाऊ. खरं बोलला, पण स्वतःसाठी. कांटच्या हिशेबात शून्य गुण.

पण त्या शून्य गुणांच्या सत्याने गोराचं काय झालं? तो मोकळा झाला. एका क्षणात त्याला आई नाही, बाप नाही, देश नाही, जात नाही, गोत्र नाही. आणि त्या रिकामेपणातून तो उठतो, परेशबाबूंकडे जातो, परत येऊन आनंदमयीच्या पायांशी बसतो आणि तिला सांगतो की तूच माझी आई. मग लछमियाला हाक मारून तिच्या हातचं पाणी मागतो. भीतीने बोललेलं सत्य मुलाला मुक्त करून गेलं, आणि ज्या आनंदमयीला आपण सगळे मनोमन नमस्कार करतो, तिने प्रेमाने जपलेल्या खोट्याने त्याला पंचवीसेक वर्षं चुकीच्या इमारतीत ठेवलं. हे पचवायला जड आहे. माझ्या मित्राचा प्रश्न इथे नुसता परत येत नाही, उलटा होऊन येतो.

मग आनंदमयी आणि कृष्णदयाल यांत फरक काय? दोघांनी एकच गोष्ट लपवली. हेतू मोजत बसलो तर तिचेही शुद्ध निघत नाहीत. मूल जाईल ही भीती तिलाही आहे. तिला मुलाची आस होती, नवससायास झाले होते, पांढऱ्या फुलांचं मूल झाल्याचं स्वप्न पडलं होतं. हे सगळं 'स्वतःसाठी' या सदरात मोडतं. मला दिसतो तो फरक असा: गुपित ठेवलं की त्याचं भाडं कुणीतरी भरावं लागतं. आनंदमयीने ते स्वतः भरलं. मूल मांडीवर घेतलं त्या दिवशी तिने सोवळं सोडलं. लोकांची बोलणी खाल्ली, नवऱ्याने तिला वेगळं पाडलं, आणि खुद्द मुलाने तिच्या खोलीत जेवायचं नाकारलं तेही ऐकून घेतलं. एक वाक्य बोलली असती तर त्याचा ताठा उतरला असता. ती बोलली नाही. कृष्णदयालाने मात्र भाडं मुलाकडून वसूल केलं. दाराबाहेर उभा केला आणि कारण सांगितलं नाही.

ही भाड्याची कल्पना घेऊन दुसऱ्या कादंबरीकडे जाऊ. देश वेगळा, काळही थोडा आधीचा. थॉमस हार्डीची 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज', १८८६. सुरुवात ज्यांनी वाचली असेल ते विसरणार नाहीत. मायकेल हेन्चर्ड, गवताच्या पेंढ्या बांधणारा एकवीस वर्षांचा मजूर, एका जत्रेत रम घातलेली गव्हाची खीर पिऊन झिंगतो आणि बायकोला, सुझनला, कडेवरच्या मुलीसकट पाच गिनींना एका खलाशाला विकतो. न्यूसन त्या खलाशाचं नाव. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर हेन्चर्ड शपथ घेतो, जितकी वर्षं जगलो तितकी वर्षं दारूला शिवणार नाही. पुढे तो धान्याचा मोठा व्यापारी आणि गावाचा मेयर होतो. अठरा वर्षांनी सुझन परत येते. न्यूसन समुद्रात बुडाला असं ती धरून चालली आहे. बरोबर तरुण मुलगी आहे, एलिझाबेथ-जेन. हेन्चर्ड जगाला काही न सांगता सुझनशी पुन्हा लग्न करतो, मुलीला सावत्र बाप म्हणून सामोरा जातो. थोड्या काळाने सुझन मरते.

आता नीट लक्ष द्या. घर रिकामं झालंय. हेन्चर्डला राहवत नाही. तो एलिझाबेथला सांगतो, मी तुझा सावत्र नाही, खरा बाप आहे. माझं आडनाव लाव. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२६ पर्यंत नव्हता, तेव्हा आडनाव आणि वर्तमानपत्रातली सूचना एवढंच त्याच्या हाती. मुलगी रडते, हादरते, पण मानते. हा माणूस खरं सांगतोय, म्हणजे त्याला खरं वाटतंय ते सांगतोय. कुणासाठी? स्वतःच्या एकटेपणासाठी. मग तो पुरावा म्हणून कागद शोधायला वर जातो आणि सुझनचं पत्र हाती लागतं. वर लिहिलेलं असतं, एलिझाबेथच्या लग्नाच्या दिवसापर्यंत उघडू नये. लाख नीट बसलेली नसते. तो वाचतो. त्याची मुलगी त्या विक्रीनंतर तीन महिन्यांतच वारली. ही न्यूसनची. नाव तेच ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरगी येऊन त्याला 'बाबा' म्हणते.

मी ही कादंबरी तीन वेळा वाचली, आणि या जागी दर वेळी पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं. कालपर्यंत ज्या शब्दाची भूक होती तो शब्द आज आला, आणि तो आता घशाखाली उतरत नाही. तो तिला सांगत नाही. का? शरम आहे, काल ज्याच्यासाठी तिला रडवलं ते आज मागे कसं घ्यायचं. अहंकार आहे, मेलेल्या बायकोने आपल्याला फसवलं हे कुणाला कळू नये. थोडी दयाही असेल. पण भाडं कोण भरतं? ती. तो तिच्याशी तुसडेपणाने वागू लागतो. बोलण्यात गावंढळ शब्द आला की खेकसतो, अक्षराला नावं ठेवतो, नोकराचे आभार मानले म्हणून रागावतो. तिला बिचारीला कळत नाही आपण काय केलं. शेवटी ती दुसऱ्याच्या घरी राहायला जाते.

इथवर हेन्चर्ड हा कृष्णदयालच आहे. रक्त आपलं नाही कळलं की मूल दाराबाहेर. पण हार्डी इथे थांबत नाही. हेन्चर्डचं दिवाळं निघतं, इज्जत जाते, आजारपण येतं. त्याच्या उशाशी येऊन बसते ती एलिझाबेथच. हळूहळू हा दांडगा माणूस तिच्या आधाराने जगायला लागतो. आणि एक दिवस दारात न्यूसन उभा राहतो, जिवंत. माझी मुलगी कुठे आहे? हेन्चर्डच्या तोंडून निघून जातं: ती वारली. न्यूसन बिचारा सरळ माणूस, मानतो आणि परत जातो.

कादंबरीतलं हे सगळ्यांत वाईट खोटं. एका बापाला त्याची मुलगी मेली म्हणून सांगायचं! याचं समर्थन मी करणार नाही, कुणी करू नये. पण तुम्हाला एक गोष्ट दाखवायची आहे. पहिल्यांदा हेन्चर्डने 'माझी मुलगी' म्हटलं तेव्हा त्याला रक्त हवं होतं, कुणीही चाललं असतं, आपलं असलं की झालं. आता ती आपली नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी त्याला तीच हवी आहे. ज्या तोंडाने तो हे भयंकर खोटं बोलतो त्याच तोंडाने तो तिला पहिल्यांदा दत्तक घेतो. कृती काळीकुट्ट, आणि तिच्या पोटात बापपणाची सुरुवात. कांटच्या वहीत हे कुठे लिहायचं मला माहीत नाही. चाळीस वर्षं कांट शिकवून हे सांगतोय.

पुढे न्यूसनला खरं कळतं. तो एलिझाबेथला भेटण्याआधीच हेन्चर्ड गाव सोडून गेलेला असतो. एलिझाबेथच्या लग्नाच्या दिवशी तो परत येतो, पिंजऱ्यात एक गोल्डफिंच पक्षी घेऊन, आहेर म्हणून. ती त्याला जाब विचारते. त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी स्वतःच फसवला गेलो होतो, तुझ्या आईनेच लपवलं होतं, न्यूसनने एका शब्दावर विश्वास ठेवला तो काय माझा एकट्याचा दोष? तो काही बोलत नाही. निघून जातो. पिंजरा बाहेर तसाच राहतो आणि पक्षी उपाशी मरून जातो. ती त्याला शोधायला निघते तोवर तो एका झोपडीत मेलेला असतो, आणि मागे इच्छापत्र असतं, त्यात लिहिलेलं, की माझ्या मरणाची बातमी तिला देऊ नये, तिला माझ्यापायी दुःख नको. या वेळी भाडं त्याने पै न् पै स्वतः भरलं. जरुरीपेक्षा जास्तच भरलं असं मला वाटतं. त्या दिवशी दोन वाक्यं बोलला असता तर तिने ऐकून घेतलं असतं. स्वतःला शिक्षा देण्यातही एक हट्ट असतो, आणि त्या हट्टाचा चटका शेवटी तिलाच बसला.

बरं, माझी घड्याळाकडे नजर गेली. प्रश्न आले आहेत, दोनच घेतो.

पहिला प्रश्न आहे, आनंदमयीने आधी सांगायला हवं होतं का? हो. मला ती कितीही आवडत असली तरी, हो. मूल लहान असताना गप्प राहणं मी समजू शकतो. पण गोरा पदवी घेतलेला, सभा गाजवणारा पुरुष झाला होता, जन्माच्या आधारावर अख्खं आयुष्य रचत होता. पायाखालची जमीन कोणती हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्यावर मजले चढवू देणं बरोबर नाही. तिने भाडं भरलं हे खरं, पण घर त्याचं होतं. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. फक्त 'आईचं प्रेम' एवढंच लिहू नका, ते मलाही कळतं.

दुसरा प्रश्न... तुमच्या मित्राने पुढे काय केलं? हे विचारणार हे मला माहीत होतं. त्याने काहीच केलं नाही. तो सुट्टीची, मुहूर्ताची, योग्य शब्दांची वाट बघत राहिला. एका दुपारी त्याची बायको आणि मुलगी वाटाणे सोलत बसल्या होत्या. मुलीने विचारलं, मी तुझ्या पोटात असताना लाथा मारायचे का? आणि बायकोने सांगून टाकलं. नाही गं, तू माझ्या पोटात नव्हतीस, तुला आम्ही जाऊन आणलं. मुलीने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, मग माझा वाढदिवस तोच ना? तोच, म्हटल्यावर पुन्हा वाटाणे सोलायला लागली. प्रश्न पुढे आले, पुष्कळ आले, काही अवघडही होते, पण ते पुढे.

ती आता स्वतः दोन मुलांची आई आहे. आणि माझा मित्र अजून मधूनमधून कुरकुरतो, की मी शेजारच्याच खोलीत पेपर तपासत होतो, मला एक हाक मारायला काय झालं होतं?